एसआय जॉइंटचं दुखणं: औषध कुठलं हे नंतर, आधी सुई कुठे ते ठरवा

पेशंट कोण

४३ वर्षांच्या बाई, एसटीत कंडक्टर, सांगली-कोल्हापूर पट्ट्यातला डेपो. सगळा डेपो त्यांना ताई म्हणतो, मीही तेच लिहिते. ओळख पटू नये म्हणून घरचे-दारचे काही तपशील बदललेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंजेक्शनं मी देत नाही, पण ही केस पहिल्या तपासणीपासून वर्षभर माझ्यासमोर होती आणि पेन क्लिनिकच्या डॉक्टरांशी प्रत्येक टप्प्यावर बोलणं होत होतं.

दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल. पाच वर्षांपासून शुगर, गोळ्या चालू, पण मुक्कामी गाडी असली की जेवणाच्या वेळा कुठल्या आणि पथ्य कुठलं, त्यामुळे एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.४. पावसाळ्यात गाडीच्या पायरीवरून उतरताना पाय सटकला आणि उजव्या कुल्ल्यावर आपटल्या. एक्सरे नॉर्मल. दोन दिवस रजा, मग परत ड्यूटी, कारण नुसता मुका मार आहे म्हणून कोण किती दिवस घरी बसणार.

माझ्याकडे येईपर्यंत काय झालं होतं

चार महिने पेनकिलर. मग कुणीतरी एमआरआय सांगितला, लंबर स्पाइनचा म्हणजे कमरेच्या मणक्याचा, रिपोर्टमध्ये एल४-एल५ डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली. झालं, तिथून पुढे सगळी ट्रीटमेंट त्या बल्जच्या नावाने. ट्रॅक्शन, पट्टा, वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, आणि घरी दारी सगळ्यांना एकच उत्तर, "मणक्यात गॅप आलाय". चाळिशीनंतर एमआरआय काढला की बल्ज दिसणं इतकं कॉमन आहे की तो दुखण्याचं कारण आहे की नुसता सोबती, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि एक गोष्ट पेशंटलाच काय, बऱ्याच जणांना लक्षात येत नाही, ती म्हणजे लंबर एमआरआयमध्ये एसआय जॉइंट (सॅक्रोइलियक, म्हणजे कमरेच्या खाली मागे असलेला सांधा) नीट येतच नाही, कडेला थोडासा दिसतो तेवढाच.

मग एका ठिकाणी ओपीडीतल्या टेबलावर पालथं झोपवून, हाताने दाबून जिथे दुखतं तिथे इंजेक्शन दिलं, मिथिलप्रेडनिसोलोन ८० मिलिग्रॅम. सी-आर्म (सुई कुठे आहे ते दाखवणारा चालू एक्सरे) नाही, सोनोग्राफी नाही. दोन आठवडे बरं वाटलं, मग परत तेच. शुगर मात्र ३१० पर्यंत गेली आणि मिस्टर घाबरले. घरच्यांचा निष्कर्ष, इंजेक्शनचा काही उपयोग नाही, वर शुगर वाढते. पुढच्या डॉक्टरांनी बल्ज बघून एपिड्यूरल (मणक्यातल्या नसांभोवती इंजेक्शन) सुचवलं, त्याला घरातून नकार आला आणि तशा त्या माझ्याकडे आल्या.

प्रॉब्लेम नेमका काय होता

मी विचारलं ताई एका बोटाने दाखवा कुठे दुखतं. त्यांनी बोट ठेवलं ते कमरेच्या खळगीच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला, आणि दोनदा विचारलं तरी दोन्ही वेळा तिथेच. याला फोर्टिन फिंगर टेस्ट म्हणतात, एकट्या या टेस्टवर काही ठरत नाही पण दिशा मिळते. दुखणं बेल्टच्या वर कधीच जात नव्हतं, गुडघ्याच्या खाली जात नव्हतं, पाय सरळ उचलून काही नाही, वारंवार मागे-पुढे वाकवून दुखण्याची जागा सरकत नव्हती (डिस्कचं असेल तर पुष्कळदा सरकते). खुर्चीतून उठताना, गाडीची पायरी चढताना, अंथरुणात कूस बदलताना कळ.

सेक्रम म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड, ते दोन्ही बाजूंना इलियमला (कुल्ल्याच्या हाडाला) जिथे जोडलं जातं तो एसआय जॉइंट. हलतो अगदी थोडा, पण वरचं सगळं वजन पायांकडे जातं ते यातूनच. जुनाट कंबरदुखीत साधारण १५ ते ३० टक्के लोकांमध्ये मूळ इथे असतं असं धरतात. याच्या सहा टेस्ट आहेत, डिस्ट्रॅक्शन, कॉम्प्रेशन, थाय थ्रस्ट, गेन्सलेन दोन्ही बाजूंनी आणि सॅक्रल थ्रस्ट, त्यातल्या तीन किंवा जास्त पॉझिटिव्ह आल्या तर संशय पक्का करायला हरकत नाही. ताईंच्या चार आल्या, वर फेबर नावाची आणखी एक टेस्टही पॉझिटिव्ह.

पण एक मेख आहे, आणि या केसमध्ये पुढे सगळं तिच्यावरच फिरलं. या टेस्ट जॉइंटवर ताण देतात तसाच जॉइंटच्या मागच्या जाडजूड लिगामेंटवरही देतात. म्हणजे दुखणं या भागातलं आहे एवढं कळतं, पण सांध्याच्या आतलं की मागच्या लिगामेंटमधलं, ते कळत नाही.

पहिला निर्णय: इंजेक्शनच्या आधी थांबायचं

मी पेन क्लिनिकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सुई हातात घेतलीच नाही, हे मला आवडलं. त्यांचं म्हणणं असं, की दुखणं एकाच बाजूचं आहे आणि सासूबाईंना काही वर्षांपूर्वी टीबीची ट्रीटमेंट झालीय. एका बाजूचा सॅक्रोइलायटिस (एसआय जॉइंटची सूज) असेल तर आपल्याकडे टीबी डोक्यात आलाच पाहिजे, आणि टीबी असलेल्या सांध्यात स्टिरॉइड टाकणं म्हणजे आगीत तेल. शिवाय स्पॉन्डिलोआर्थरायटिस, म्हणजे मणक्याच्या आणि एसआयच्या सांध्यांना सूज आणणारा आजार, तोही बायकांमध्ये उशिरा सापडतो कारण सगळे बाळंतपणाच्या कंबरदुखीवर ढकलतात. पडल्याचा इतिहास इतका स्पष्ट होता की कुणीही म्हणालं असतं, ताप नाही, वजन कमी नाही, कशाला तपासण्या. तरी ईएसआर, सीआरपी, एचएलए-बी२७ या रक्ताच्या तपासण्या आणि एसआय जॉइंटचा वेगळा एमआरआय, सूज दाखवणाऱ्या स्टिर सिक्वेन्ससकट, एवढं झालं. सगळं स्वच्छ. मिस्टर म्हणाले एवढे पैसे गेले आणि काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "साहेब, काही निघालं नाही म्हणूनच आता इंजेक्शनचा विचार करता येतोय."

दरम्यान फिजिशियनने शुगरच्या गोळ्या बदलल्या आणि दीडेक महिना नुसता व्यायाम आणि एसआय बेल्ट. दुखणं दहापैकी आठवरून सातवर आलं. त्याच्या पुढे हलेना, कारण ब्रिजिंगला (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून) कंबर उचलली की कळ, मग स्नायूंवर काम करणार कसं.

काय काय पर्याय होते

जॉइंटच्या आत स्टिरॉइड: सगळ्यात जास्त दिलं जातं. सी-आर्मखाली सुई आत, थोडा डाय (एक्सरेत दिसणारं द्रव) टाकून खात्री, मग दीड-दोन मिली औषध, त्याहून जास्त मावतच नाही. सूज असलेल्या सांध्यात, म्हणजे स्पॉन्डिलोआर्थरायटिससारख्या आजारात, याचा फायदा चांगला दिसतो. पण एमआरआयमध्ये सूजच नाही अशा यांत्रिक दुखण्यात तो किती टिकेल याची खात्री नाही, काही आठवडे ते दोन-तीन महिने धरून चालायचं. आणि शुगर.

इथे ओपीडीतल्या त्या पहिल्या इंजेक्शनचा हिशोब लावायला हवा. २००० साली एक अभ्यास झाला होता, त्यात हाताच्या अंदाजाने दिलेल्या एसआय इंजेक्शनांचं सीटीवर पाहिलं तर फक्त २२ टक्के इंजेक्शनांत औषध जॉइंटच्या आत गेलं होतं. मग ताईंचं ते इंजेक्शन फेल गेलं म्हणजे नेमकं काय फेल गेलं? औषध, की जागा, की निदान? दोन आठवडे जे बरं वाटलं ते तर ८० मिलिग्रॅम स्टिरॉइड अंगात भिनल्यानेही वाटू शकतं. त्या इंजेक्शनवरून काहीच ठरवता येत नव्हतं आणि घरच्यांनी मात्र त्यावरच सगळं ठरवून टाकलं होतं.

जॉइंटच्या मागे, लिगामेंटमध्ये: जपानमध्ये २००७ साली नुसतं लिडोकेन (भुलीचं औषध) देऊन तुलना झाली. ज्या २५ जणांना मागच्या लिगामेंटमध्ये दिलं त्या सगळ्यांना आराम, ज्या २५ जणांना जॉइंटच्या आत दिलं त्यातल्या ९ जणांनाच. उरलेल्या १६ जणांना नंतर मागे दिलं तर त्यांनाही आराम. एकाच सेंटरचा अभ्यास आहे, तात्पुरत्या भुलीचा आहे, सगळं मान्य. पण आत गेलं तरच खरं इंजेक्शन हा समज त्याने हलतो.

पीआरपी: स्वतःचंच रक्त काढून, फिरवून, प्लेटलेट्सचा भाग टोचायचा. ताईंच्या मुलीने मोबाइलवर वाचून याचाच आग्रह धरला होता, आणि तिचा मुद्दा अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. चंदीगडच्या पीजीआयचा ४० पेशंटचा अभ्यास आहे, २०१७ मध्ये आला, त्यात तीन महिन्यांनी पीआरपीचा परिणाम ९० टक्के लोकांत टिकून होता आणि स्टिरॉइडचा २५ टक्के. ऐकायला फारच छान. पण नंतर बाहेरच्या एका छोट्या ट्रायलमध्ये उलट स्टिरॉइडच पुढे निघालं. शुगरवाल्यांना पीआरपी सोयीचं हे खरंच. खर्च इथे जवळजवळ दुप्पट सांगितला होता, पेनकिलर आधी काही दिवस बंद करावी लागते, आणि पहिले काही दिवस दुखणं वाढतं, म्हणजे रजा आली.

डेक्स्ट्रोज प्रोलोथेरपी: नाव ऐकूनच मिस्टर म्हणाले, "शुगरच्या माणसाला साखर टोचणार?" हिशोब करून बघा, कोरियातल्या २०१० च्या अभ्यासात वापरलेलं अडीच मिली २५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे पाऊण ग्रॅमसुद्धा साखर नाही, चहातल्या चमच्यापेक्षा कितीतरी कमी. शुगर वाढवतं ते स्टिरॉइड. त्या अभ्यासात १५ महिन्यांनी निम्म्याहून जास्त आराम टिकलेले लोक डेक्स्ट्रोजमध्ये ५८.७ टक्के आणि स्टिरॉइडमध्ये १०.२ टक्के निघाले. पण इंजेक्शनं दर दोन आठवड्यांनी, तीनपर्यंत, आणि ड्यूटी चार्टमध्ये ते बसवणं अवघड.

रेडिओफ्रिक्वेन्सी (आरएफ): याला लोक इंजेक्शनच म्हणतात पण यात औषध मुख्य नाही, एल५ ची मागची फांदी आणि एस१ ते एस३ च्या बारीक नसा उष्णतेने बंद करायच्या. कूल्ड आरएफच्या २००८ च्या प्लेसिबो ट्रायलमध्ये सहा महिन्यांनी ५७ टक्के लोकांना चांगला आराम होता, पण पेशंट फक्त २८. मग २०१७ मध्ये नेदरलँड्सची मोठी ट्रायल आली, एसआयचे २२८ पेशंट, व्यायामाच्या जोडीला आरएफ विरुद्ध नुसता व्यायाम, आणि फरक सांगण्यासारखा निघाला नाही. त्यावर बरीच भांडणं झाली, की पेशंट एकाच ब्लॉकवर (निदानासाठी दिलेलं भुलीचं इंजेक्शन) निवडले होते वगैरे. खर्च सगळ्यात जास्त.

हे सगळं समोर ठेवून मुलगी म्हणाली मग पीआरपीच करा ना. डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला, कुठे करू? पीजीआयचा अभ्यास आणि कोरियाचा अभ्यास, दोन्हींत औषध जॉइंटच्या आत गेलं होतं. तुझ्या आईचं दुखणं आत आहे हे कुणी सिद्ध केलंय?

दुसरा निर्णय: आधी नुसती भूल

सर्वसाधारण पद्धत अशी, की भूल आणि स्टिरॉइड एकाच सुईत द्यायचं, भुलीने निदान होतं आणि स्टिरॉइडने उपचार, पेशंटची एक फेरी आणि एका ओटीचे पैसे वाचतात. डॉक्टरांचा कलही तिकडेच होता. मी म्हटलं शुगर आत्ताच कुठे खाली यायला लागलीय, आणि आधीच्या इंजेक्शनचा गोंधळ परत नको. थोडी चर्चा झाली आणि ताईंनीच ठरवलं, "आधी कळू तरी दे कुठे दुखतंय."

सी-आर्मखाली जॉइंटच्या आत दीड मिली लिग्नोकेन (लिडोकेनचंच दुसरं नाव), डाय व्यवस्थित पसरलेला दिसला. पुढचा भाग बऱ्याच ठिकाणी राहून जातो तो इथे नीट झाला: पेशंटला पडून ठेवलं नाही. लिग्नोकेनचा असर तास-दोन तासांचा, त्या वेळात जे केलं की दुखतं तेच करून बघायचं. दर अर्ध्या तासाला आकडा लिहायचा, जिना चढायचा, लाकडी बाकावर बसून उठायचं, कूस बदलायची.

सातवरून पाच.

हा आकडा फार त्रासदायक. शून्य आला असता तर पुढे सरळ होतं, सात राहिला असता तर जॉइंट सोडून दुसरीकडे बघायचं. ब्लॉक पॉझिटिव्ह म्हणायला कमीत कमी ५० टक्के, काही जण ७५ टक्के आराम मागतात. तीसेक टक्क्यांत निदान होत नाही. पुष्कळदा अशा वेळी दोन गोष्टी होतात, एकतर थोडा तरी फरक पडला म्हणून स्टिरॉइड देऊन टाकतात, नाहीतर एसआय नाहीच म्हणून परत बल्जकडे मोर्चा वळतो. मिस्टर तर म्हणालेच, एपिड्यूरल करून टाकू.

तिसरा निर्णय: निगेटिव्ह ब्लॉकवर विश्वास ठेवायचा का

टेस्ट इतक्या स्पष्ट, बोट एकाच जागी, आणि ब्लॉक अर्धवट. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीची ओटी न घेता आठवडा जाऊ दिला आणि दुसरा ब्लॉक जॉइंटच्या मागे दिला, लिगामेंटच्या दोन-तीन जागी थोडं थोडं लिग्नोकेन. परत तोच जिना, तोच बाक, तोच कागद.

सातवरून एक. ताई बाकावरून हात न टेकता उठल्या. दोन तासांनी दुखणं हळूहळू परत आलं, तेही अपेक्षेप्रमाणे.

म्हणजे मूळ बहुतेक मागच्या लिगामेंटमध्ये. आता औषधांची तुलना वेगळीच दिसायला लागली. आतलं स्टिरॉइड बाद. पीआरपी आणि डेक्स्ट्रोज लिगामेंटमध्ये देतात लोक, पण मुलीने दाखवलेले आकडे त्या जागेचे नव्हते. आरएफ तर्काने सगळ्यात जवळची, कारण त्या बारीक नसा मागच्या लिगामेंटलाच जातात, पण पैसे आणि ती डच ट्रायल. शेवटी ठरलं असं: लिगामेंटमध्ये एकदाच कमी डोस स्टिरॉइड, ट्रायमसिनोलोन २० मिलिग्रॅम, भुलीसोबत, आणि त्याने जे काही आठवडे मिळतील ते सगळे व्यायामात घालायचे. आराम टिकला नाही तर दुसरं स्टिरॉइड द्यायचं नाही, तेव्हा डेक्स्ट्रोज किंवा आरएफ. वारंवार स्टिरॉइड लिगामेंटला चांगलं नाही, ही अट आधीच कागदावर लिहून घेतली, कारण एकदा गुण आला की पेशंट स्वतःच परत मागायला येतो.

पुढे काय झालं

शुगर चार दिवस चढी राहिली, एकदा २४० दिसली, पण घरी ग्लुकोमीटर होता आणि फिजिशियनशी आधीच बोलणं झालेलं होतं त्यामुळे यावेळी कुणी घाबरलं नाही. दोन आठवड्यांनी दुखणं दोनवर. ब्रिजिंग, क्लॅम (कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं), एका पायावर उभं राहणं, आठवड्याला थोडं थोडं वाढवत गेलो. मशीन आणि बॅगेचा पट्टा कायम उजव्या खांद्यावर असायचा तो बदलला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालत्या गाडीत तिकीट काढताना त्या उजवा कुल्ला सीटच्या दांडीला टेकवून एका पायावर भार द्यायच्या, वर्षानुवर्षांची सवय, ती सुटायला वेळ लागला. हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं, क्लिनिकमध्ये उभं करून "तिकीट काढून दाखवा" म्हटल्यावर दिसलं.

डेपोत अर्ज करून तीन महिने लाइट ड्यूटी मिळाली. चौथ्या महिन्यात लांबच्या फेरीवर परत गेल्या आणि दुखणं दोनवरून पाचवर. इथे आरएफचं एस्टिमेट घेतलं गेलं, मिस्टरांनी कर्जाची चौकशीही केली. मी सुचवलं आधी मुक्कामी गाडी बंद करून बघू, सहा आठवडे. तालुक्याच्या छोट्या फेऱ्या मिळाल्या, व्यायाम चालूच, आणि आकडा परत तीनवर आला. वर्ष झालं तेव्हा दोन ते तीन, पेनकिलर महिन्यात एखादी, आरएफ केली नाही. मुक्कामी गाडी अजून नाही आणि तिचा भत्ताही नाही, हे घरात जाणवतं.

यात इंजेक्शनचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि ड्यूटी बदलल्याचा किती, हे एका केसवरून वेगळं काढता येत नाही. इंजेक्शनशिवाय ब्रिजिंग झालं नसतं एवढं मी म्हणेन.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे ते ओपीडीतलं इंजेक्शन. कमीत कमी दिल्यानंतरच्या दोन तासांत काय झालं हे कुणी लिहून ठेवलं असतं तर काही तरी माहिती हाती लागली असती. ८० मिलिग्रॅमही शुगर न बघता दिलं गेलं.

दुसरं, लंबर एमआरआय सांगण्याआधी कुणी पाच मिनिटं या टेस्ट केल्या असत्या तर थेट एसआयचा एमआरआय झाला असता आणि एका स्कॅनचे पैसे वाचले असते.

ड्यूटीचा प्रश्न इंजेक्शनच्या आधी हातात घ्यायला हवा होता का, यावर माझं मत हो असं आहे. लाइट ड्यूटीचा अर्ज त्या दीड महिन्याच्या व्यायामाच्या वेळीच झाला असता तर कदाचित सातवर अडकलेलं दुखणं आणखी खाली आलं असतं. पण डेपोत इंजेक्शनचा कागद दाखवल्याशिवाय अर्ज कितपत हलला असता, ताई म्हणतात अजिबात नाही.

आणि एका गोष्टीवर पेन क्लिनिकचे डॉक्टर आणि मी अजून वेगळ्या बाजूला आहोत. त्यांच्या मते दुसऱ्या, लिगामेंटच्या ब्लॉकमध्येच २० मिलिग्रॅम स्टिरॉइड टाकलं असतं तर तिसरी ओटी वाचली असती, तोपर्यंत संशय पुरेसा पक्का झाला होता. मला वाटतं तसं केलं असतं तर दोन आठवड्यांनी आलेला आराम जागेचा की औषधाचा हे परत धूसर झालं असतं, आणि उद्या आरएफची वेळ आली तर दोन तासांत सातवरून एक झालेला आणि मग परत चढलेला तो स्वच्छ आकडा आमच्याकडे नसता. ते म्हणतात, तुमचं खरं, पण तिसऱ्या ओटीचे पैसे पेशंटने भरले, आपण नाही.